एल्कसाठी बाणाचं पातं कोणतं घ्यावं? ५८ पाउंडचं कंपाउंड, सप्टेंबर, कोलोरॅडो

दादर_तिरंदाज | ८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सात वर्षं कंपाउंड (चाकं-कप्प्यांचं धनुष्य) मारतोय, पण आजवरचा प्रत्येक बाण फोममध्ये नाहीतर गवताच्या लक्ष्यात गेलाय. ५० मीटर अंतर, ८० सेंटिमीटरचा फेस (लक्ष्याचा कागद), मधलं ८ सेंटिमीटरचं दहाचं वर्तुळ, एवढंच माझं जग. या सप्टेंबरात पहिल्यांदाच त्याच्या बाहेर पडणार आहे. मामेभाऊ डेन्व्हरला असतो, बारा वर्षं धनुष्य घेऊन एल्कच्या (तिकडच्या मोठ्या हरणाच्या) मागे रॉकी पर्वतात फिरतोय. गेल्या वर्षी त्याच्याकडे असताना तिथला हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतोच. यंदा सोडतीत परवाना लागला, नर किंवा मादी, दोन्हींपैकी एक.

माझं सामान: धनुष्य ताणायला ५८ पाउंड जोर लागतो, ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, साडेसत्तावीस इंच. सध्याचा बाण पॉइंटसकट (पुढच्या टोकासकट) ३७० ग्रेनचा, स्पाइन (काडीचा कडकपणा, आकडा जितका कमी तितकी काडी कडक) ४००. क्रोनोग्राफवर वेग सेकंदाला २६२ फूट येतो.

ग्रेनचा हाताला अंदाज यावा म्हणून झवेरी बाजारातून सोनाराचा खिशातला काटा आणला. तोळा म्हणजे १८० ग्रेन, हे तेव्हा कळलं. १०० ग्रेनचं पातं अर्ध्या तोळ्याच्या थोडं वर, १५० ग्रेनचं म्हणजे तोळ्याला सहावा हिस्सा कमी. एवढ्याशा वजनाच्या जोरावर तीनशे किलोंचं जनावर पाडायचं, म्हणून झोप लागत नाही.

आता प्रश्न. पक्क्या बसवलेल्या पात्याचं, म्हणजे फिक्स्ड ब्लेड घ्यावं, की आदळल्यावर उघडणारं मेकॅनिकल? दोन पाती, तीन, की चार? १०० ग्रेन, १२५, की आणखी जड? दुकानदार मेकॅनिकल घ्या म्हणतो, ते फील्ड पॉइंटसारखं, म्हणजे सरावाच्या साध्या टोकासारखं, सरळ जातं. मामेभाऊ म्हणतो फिक्स्डच घे. ३५ यार्डांपलीकडे बाण सोडणार नाही, एवढं मी ठरवून टाकलंय.

एक विनंती. हे सगळं तिकडच्या शिकारीबद्दल आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं मत आहे. रानडुकरासाठी काय चालेल, असले प्रश्न कृपया या धाग्यावर नकोत.

---

ट्यूनिंगवाला | ८ जून, रात्री ११:२५

पातं नंतर. आधी तुमचं धनुष्य बाण सरळ सोडतंय का ते बघा.

फील्ड पॉइंट लबाड असतो. बाण थोडा तिरका निघाला तरी मागची पिसं त्याला ओढून सरळ करतात, आणि वीस मीटरवर सगळं ठीक दिसतं. पुढे पातं लावलं की तिथेही पंख आले. मग पुढचे पंख आणि मागची पिसं यांची ओढाताण होते आणि बाण भलतीकडेच जातो. माणसं म्हणतात पातं खराब आहे. पातं खराब नसतं, ते फक्त धनुष्याची चूक उघडी पाडतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. कागदातून मारा, फाट गोल यायला हवी. मग पिसं नसलेला बाण पिसांवाल्याच्या शेजारी वीस यार्डांवर मारा. मग पातं आणि त्याच वजनाचा फील्ड पॉइंट आळीपाळीने. पाती डावीकडे जात असतील तर रेस्ट (बाण टेकतो तो आधार) केसभर उजवीकडे, वर जात असतील तर केसभर खाली. पाती फील्ड पॉइंटच्या दिशेला आणायची. साइटला (नेम धरायच्या खुणांना) हात लावायचा नाही. दोन्ही एकाच जागी पडायला लागले, की मग बोला कोणतं पातं ते.

आणि प्रत्येक बाण फिरवून बघायचा. पात्याच्या टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवला की टोक थरथरतं का ते तळहाताला लगेच कळतं. थरथरला तर इन्सर्ट, म्हणजे काडीतला टोक बसवायचा तुकडा, वाकडा बसलाय. तो बाण सरावाच्या डब्यात.

---

पंचेचाळीस_पाउंड | ९ जून, सकाळी ७:०५

दादर दादा, अभिनंदन! मी मूळची पार्ल्याची, आता विस्कॉन्सिनमध्ये. व्हाइटटेल हरणाची शिकार करते, एल्कची नाही. माझं धनुष्य ४५ पाउंडचं, ड्रॉ २६ इंच. माझ्याकडे ऊर्जेची उधळपट्टी करायची सोयच नाही.

मेकॅनिकल उघडायला ऊर्जा लागते आणि ती बाणाच्या खिशातून जाते. म्हणून मी पहिल्यापासून दोन पात्यांचं, टोकापासूनच कापत जाणारं फिक्स्ड वापरते. दुसऱ्या प्रकारात छिन्नीसारखं टोक आधी भोसकतं, मागची पाती नंतर कापतात. माझ्यासारख्या हलक्या धनुष्याला तो मधला अडथळाही नको असतो. माझे बाण जवळजवळ नेहमी आरपार जातात. आरपार म्हणजे दोन भोकं, आणि खालच्या भोकातून रक्त जमिनीवर पडतं. माग काढताना त्याचीच मदत होते.

तुमचं ५८ पाउंड माझ्यापेक्षा खूप जास्त आहे, पण एल्कही माझ्या हरणाच्या चौपट आहे.

---

रॉकीतला_कोकणी | ९ जून, रात्री ९:५०

मी चौदा वर्षं कोलोरॅडोत आहे, मूळ गाव गुहागर. थोडं लांबलं तर समजून घ्या, कारण हे लिहायला मला सोपं नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं धनुष्य ५२ पाउंडचं, बाण ३८५ ग्रेनचा, वर दोन इंच उघडणारं मेकॅनिकल. सरावात पाती आणि फील्ड पॉइंट एकाच भोकात जायचे, म्हणून मी खूश होतो. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, नर गाज घालत (माद्यांना हाका देत) होते. संध्याकाळी एक नर ३१ यार्डांवर आला. आडवा होता, पण मी सोडताना त्याने पुढचा पाय मागे घेतला आणि खांद्याचं हाड बाणाच्या वाटेत आलं. बाण लागल्याचा आवाज लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आला. बाण जेमतेम चार-पाच बोटं आत गेलेला दिसला आणि एल्क तसाच पळाला.

दीड तास थांबून माग काढायला घेतला. पहिले तीनशे मीटर रक्त होतं, मग थेंब, मग पानाच्या कडेला एखादा डाग, मग काहीच नाही. वाटेत तुटलेला बाण सापडला. पातं अर्धवट उघडलेलं, एक पातं वाकलेलं. दोन दिवस मी आणि माझा मित्र सगळा उतार पालथा घालत होतो. तो एल्क सापडला नाही.

पातं निकामी होतं असं मी म्हणणार नाही. मी ते माझ्या धनुष्याला आणि त्या जनावराला न शोभणारं निवडलं होतं. उघडणारं रुंद पातं ७० पाउंडच्या धनुष्यावर, मऊ बरगड्यांत, मोठं काम करतं. माझ्या ओळखीतले कितीतरी जण त्यावर दरवर्षी एल्क आणतात. पण एल्कची खांद्याची बाजू ५२ पाउंडांसाठी नाही. माझ्या हिशेबात चूक करायला जागाच उरली नव्हती.

तेव्हापासून माझा बाण ५१० ग्रेनचा आहे आणि पातं फिक्स्ड, १२५ ग्रेन.

कायद्याचं सांगतो. कोलोरॅडोत धनुष्य किमान ३५ पाउंडचं लागतं, पातं किमान ७/८ इंच रुंद, निदान दोन धारा, आणि प्रत्येक धार पूर्ण लांबीत एकाच प्रतलात. म्हणजे पीळ दिलेली पाती चालत नाहीत. मेकॅनिकल चालतं. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे दुसऱ्या राज्यातला मित्र काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

---

आरेची_सावली | १० जून, दुपारी १:१५

मी गोरेगावला राहते, आरेत आणि नॅशनल पार्कात रविवारी स्वयंसेवक म्हणून जाते. वाघरांमध्ये अडकलेला बिबट्या मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यामुळे हा धागा वाचताना त्रास झाला, हे आधी सांगते.

वरच्या दादांनी जे लिहिलं तेच तर माझं म्हणणं आहे. दोन दिवस शोधूनही न सापडलेलं जनावर कुठेतरी पडून मेलं असेल किंवा महिनोन्‌महिने लंगडत असेल. बंदुकीने हे लवकर होतं ना? मग बाण कशाला? आणि मुंबईत राहून, सगळं बाजारात मिळत असताना, कोणाला मारायला इतक्या लांब का जायचं?

मी भांडायला आले नाही. उत्तर खरंच ऐकायचं आहे.

---

दादर_तिरंदाज | १० जून, रात्री ११:३०

ताई, विचारलंत ते बरं केलंत. माझ्या आईनेही हेच विचारलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत एल्क बेबंद मारले गेले आणि अनेक राज्यांतून नाहीसे झाले. आज ते दहा लाखांच्या घरात आहेत, आणि सर्वांत जास्त कोलोरॅडोत. त्यामागे परवान्यांचा पैसा आहे आणि १९३७चा एक कायदाही, ज्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. धनुष्यबाण त्या करात १९७२ला आले. आपला वन्यजीव कायदा त्याच वर्षाचा. आपण शिकार बंद केली, त्यांनी मोजून-मापून चालू ठेवून तिच्या पैशातून रानं राखली. आपल्याकडे ती पद्धत चालली असती असं मी मुळीच म्हणत नाही. इथली माणसांची दाटी, इथली जंगलं, इथला इतिहास, सगळंच वेगळं आहे. पण मी ज्या पात्याची चौकशी करतोय त्यावरही तो ११ टक्के कर लागतो, आणि तो मला आनंदाने द्यायचाय.

बाण का, याचं उत्तर माझ्यापुरतं एवढंच: मला धनुष्य येतं, बंदूक येत नाही. बाणासाठी तीस पावलांत जावं लागतं, आणि तिथवर पोचायला त्या प्राण्याला आधी ओळखावं लागतं. धारदार पात्याने दोन्ही फुप्फुसं कापली तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. ती धार आणि ती जागा चुकू नये म्हणूनच हा धागा काढला. आणि मांस टाकायची तिथे मुभा नाही. चारही फऱ्या आणि पाठीचं मांस उतरवून आणावंच लागतं. मी ते खाणार आहे, मामेभावाच्या घरी वर्षभर तेच शिजतं.

एवढ्याने तुमचं समाधान होईलच असं नाही. पण कोकणी दादांनी जे लिहिलं ते लपवून ठेवणाऱ्या माणसाकडून मी काहीच शिकलो नसतो.

---

आरेची_सावली | ११ जून, सकाळी ८:००

उत्तर वाचलं. पटलं नाही, पण प्रामाणिक वाटलं. एक मागणं आहे: इथे वाचणाऱ्या नव्या पोरांसाठी ठळक लिहून ठेवा की ही पाती घेऊन नॅशनल पार्कात किंवा कुठल्याही अभयारण्यात पाऊल ठेवायचं नाही. लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाणं हाच गुन्हा आहे, मग बाण सोडा अगर न सोडा.

---

दादर_तिरंदाज | ११ जून, सकाळी ८:२०

शंभर टक्के. कोणीही पाती घेऊन जंगलात जाऊ नका. सरावसुद्धा खाजगी जागेत, मागे मातीचा बांध असेल तिथेच. आमच्या क्लबच्या लक्ष्यावर पाती मारायला मनाई आहे, कारण ती फोम चिरून टाकतात. मी मुरबाडला मित्राच्या शेतावर जाणार आहे.

---

जोहान्सबर्गकर | ११ जून, रात्री १०:१०

दक्षिण आफ्रिकेतून लिहितोय. इकडे कुडू, जेम्सबॉक, एलँड अशी हरणासारखी मोठी जनावरं. एलँडचा नर आठशे किलोंपर्यंत जातो, त्यामुळे इकडची मंडळी वजनाबद्दल फार हळवी असतात.

डॉ. एड ॲशबी यांचं नाव ऐकलं असेलच. १९८०च्या दशकात इकडच्या नाताळ प्रांतात त्यांनी मेलेल्या आणि मारलेल्या जनावरांवर बाणांच्या परिणामांची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षं ती चालवली. त्यांच्या यादीत पहिला क्रमांक रुंदीचा नाही, वेगाचाही नाही. पहिला क्रमांक बाण शाबूत राहण्याचा: टोक वळू नये, पातं तुटू नये, इन्सर्ट फुटू नये. दुसरा, बाण सरळ उडण्याचा. जड हाड फोडायचं तर एकूण ६५० ग्रेनच्या वर जा, असं ते सांगतात. एल्कला ६५०ची सक्ती नाही, फुप्फुसांवर मारणार असाल तर त्याच्या बऱ्याच खाली भागतं. पण दिशा तीच.

एका बाजूनेच धार दिलेलं पातं, सिंगल बेव्हल, हेही त्यांच्याच आवडीचं. ते आत शिरताना फिरत जातं, त्यामुळे हाडाला पिळून चीर पाडतं. फक्त पिसांचा पीळ आणि धारेची बाजू जुळायला हवी, उजव्या पिसांना उजवी धार. उलटं लावलंत तर दोघं एकमेकांना अडवतात.

अवांतर: इकडच्या कुडू-एलँडसारख्या जनावरांचं हृदय अमेरिकन हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं. पुस्तकातलं एकच चित्र सगळीकडे लावू नका, एल्कचं चित्र वेगळं घोटा.

---

पोथीवाचक | १२ जून, दुपारी ४:३०

गिरगावातून. मी धनुष्य कधी हातात धरलं नाही, पण महाभारताचं वाचन चालू असतं आणि हा धागा वाचताना युद्धपर्वं आठवत राहिली.

आपल्याकडे पात्यांची नावं किती नेमकी होती बघा. क्षुरप्र, म्हणजे वस्तऱ्यासारखी धार असलेला. भल्ल, रुंद पात्याचा. वत्सदंत, वासराच्या दातासारखा. अर्धचंद्र. नाराच, सगळा लोखंडाचा. कर्णाचा शिरच्छेद अर्जुनाने अंजलिकाने केला, ते नाव कर्णपर्वात आहे. प्रत्येक बाणाचं काम वेगळं, म्हणून नाव वेगळं.

मला महत्त्वाचं वाटतं ते मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातलं. लढताना कर्णी बाण वापरू नये असं तिथे स्पष्ट सांगितलंय. कर्णी म्हणजे मागे वळलेले कान असलेला, आत गेला की बाहेर न निघणारा. विषारी आणि पेटते बाणही त्याच ओळीत वर्ज्य आहेत.

---

रॉकीतला_कोकणी | १२ जून, संध्याकाळी ६:४०

पोथीवाचक काका, अंगावर काटा आला. तिकडेही अनेक राज्यांत मागे वळलेल्या काट्यांचं पातं शिकारीला बेकायदा आहे, कारण तेच: बाण चुकला तर तो जनावराच्या अंगातून सुटून पडायला हवा.

---

जव्हार_मास्तर | १३ जून, रात्री ९:००

मी शिक्षक आहे, जव्हारला. नोकरी लागल्यापासून इथेच. माझ्या सासुरवाडीच्या घरात आढ्याखाली जुना कामठा आणि चार बाण टांगलेले आहेत, सासऱ्यांच्या वडिलांचे. ते आता कोणी वापरत नाही. आज खाली उतरवून पुसले आणि फूटपट्टी लावली.

पातं लोहाराने ठोकून केलेलं, पिंपळपानासारखं निमुळतं. मधून एक उभा कणा आहे, बोट फिरवलं की लागतो. त्या कण्यामुळे पातं पातळ असूनही वाकत नाही. लांबी साडेसात सेंटिमीटर, रुंदी अडीच. म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पट. मागचं टोक काडीत घालून वर दोरा आणि डिंक. एका पात्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली आहे, दगडावर घासून-घासून. हे पातं किती वेळा धार लावून पुन्हा वापरलं असेल, या विचाराने मी बराच वेळ ते हातात धरून बसलो.

---

जोहान्सबर्गकर | १३ जून, रात्री १०:४५

मास्तर, तुम्ही मोजलेलं ते तिप्पट प्रमाणच ॲशबी सांगतात! लांबट पातं म्हणजे कमी चढाची पाचर. तेवढ्याच जोरात जास्त खोल जातं. तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांचं धनुष्य किती पाउंडांचं असेल, चाळीस? कमी जोर असलेल्या माणसाला हे प्रमाण अनुभवानेच सापडलं असणार.

---

ट्यूनिंगवाला | १५ जून, रात्री ८:३०

रुंदीवरून लोक भांडतात म्हणून एक साधा हिशेब.

दोन इंच उघडणारं दोन पात्यांचं मेकॅनिकल: कापाची लांबी दोन इंच. सव्वा इंच रुंदीचं तीन पात्यांचं फिक्स्ड: प्रत्येक पातं मध्यापासून पाच अष्टमांश इंच, तिन्ही मिळून १.८७ इंच. सव्वा इंचाचं मुख्य पातं आणि आडवी पाऊण इंचाची छोटी पाती असं चार धारांचं: दोन इंच. म्हणजे भोकाचा आकार वेगळा, पण कापलेली लांबी जवळपास सारखीच! जाहिरातीतला दोन इंचांचा आकडा ऐकून फिक्स्ड बारीक कापतं असं समजू नका.

धारेचा मुद्दा वेगळा. तीन पात्यांचं एकसंध पातं दगडावर सपाट ठेवून घासता येतं, दोन-दोन पाती एकदम दगडाला लागतात. नवशिक्याला हे सर्वांत सोपं. सुटी पाती बदलायची सोय असेल तर घासायचीच गरज नाही, पण ती पाती पातळ असतात, जेमतेम पाऊण मिलिमीटर. दोन पात्यांचं जाड पातं हाताने धार लावून घ्यावं लागतं, आणि हात बसायला वेळ लागतो.

आणि दुकानातून आलेलं पातं धारदार आहे असं गृहीत धरू नका. रबरबँड ताणून धरा आणि धार नुसती टेकवा. टेकवताच तुटला पाहिजे. दाबावं लागलं तर परत दगडावर. बोथट पात्यापुढे रक्तवाहिनी सरकून बाजूला होते, धारदार पात्यापुढे ती कापली जाते.

---

दादर_तिरंदाज | २८ जून, रात्री ११:५०

सगळ्यांचं वाचून, आणि दोन शनिवार ठाण्याला ट्यूनिंगवाले दादांकडे बसून, ठरवलं ते लिहितो.

नवा बाण: स्पाइन ३००, पुढे ५० ग्रेनचा पितळी इन्सर्ट, त्यावर १५० ग्रेनचं पातं. एकूण ४९८ ग्रेन. पुढचं वजन वाढलं की काडी जास्त वाकते, म्हणून ४००च्या जागी कडक ३००. जुन्या ३७० ग्रेनच्या बाणाचा वेग २६२ होता, याचा २२८ आला. आकडा पाहून आधी पोटात गोळा आला. मग गणित केलं: जुन्याची ऊर्जा ५६ फूट-पाउंड, नव्याची साडेसत्तावन्न. ऊर्जा तसूभर वाढलीच, संवेग (वजन गुणिले वेग) मात्र ०.४३ वरून ०.५० वर. धनुष्य तेच, हात तोच, पण बाण १७ टक्के जास्त रेटत जाणार. किंमत एवढीच की तीस यार्डांवर तो आधीपेक्षा खाली पडतो, तर त्यासाठी साइटच्या पिना नव्याने लावल्या.

पातं: फिक्स्ड. दोन मुख्य पाती, टोकापासून कापणारी, सव्वा इंच, आडवी पाऊण इंचाची दोन छोटी पाती. सिंगल बेव्हलचा मोह झाला होता, पण मला ती धार हाताने नीट लावता येत नाही, आणि जी धार मला राखता येत नाही ती घेऊन डोंगरात जायचं नाही. दगड नागदेवी स्ट्रीटवरून आणला, शेवटचा हात जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर.

मुंबईकरांनी एक ध्यानात ठेवा. कार्बन स्टीलचं पातं या हवेत चार दिवसांत गंजतं. मी रविवारी धार लावून टेबलावर ठेवलेलं पातं गुरुवारी पाहिलं तर कडेला तांबूस ठिपके. धार ही केसापेक्षा बारीक असते, गंज आधी तिलाच खातो. आता प्रत्येक पात्याला मशीनच्या तेलाचा हात देतो आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो.

उद्या मुरबाडला पाती मारून बघणार.

---

पंचेचाळीस_पाउंड | २९ जून, सकाळी ६:५०

छान निवड. विमानाचं विसरू नका: पाती बाणावरून काढून कडक डब्यात, आणि तो डबा चेक-इन सामानात. केबिनमध्ये एकही बाण चालत नाही.

आणि पाती काढता-लावताना पाना वापरा. माझ्या डाव्या अंगठ्यावर पाच टाक्यांची खूण आहे, नुसत्या बोटांनी फिरवायला गेले होते.

---

दादर_तिरंदाज | ६ जुलै, रात्री १०:१५

मुरबाडचा हिशेब. पहिल्या दिवशी पाती फील्ड पॉइंटच्या डावीकडे चार बोटं जात होती. रेस्ट उजवीकडे सरकवला, एकेका खुणेने. काल तीस यार्डांवर तीन पाती आणि तीन फील्ड पॉइंट एका बशीत बसले. एका बाणाचं टोक फिरवताना थरथरत होतं, तो बाजूला काढला. बारातले नऊ बाण शिकारीसाठी उरले, पाच पुरे आहेत.

कोकणी दादा, सोडायचा कोन कुठला घ्यावा यावर थोडं लिहाल का?

---

रॉकीतला_कोकणी | ७ जुलै, सकाळी ९:३०

दोनच कोन. पूर्ण आडवा, किंवा किंचित पाठमोरा तिरका. समोरून तोंड करून उभा असेल तर सोडायचा नाही, तुमच्याकडे तिरका असेल तरी नाही. पुढचा पाय पुढे टाकलेला असला की खांद्याचं हाड वाटेतून सरतं, तो क्षण पकडा. पाठमोऱ्या तिरक्या जनावरावर पलीकडच्या पुढच्या पायाकडे रोख धरा, जाताना बाण आपोआप दोन्ही फुप्फुसांतून जातो.

आणि सोडल्यावर घड्याळ बघा. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, अर्धा-पाऊण तास पुरे. काळपट लाल असेल तर यकृत, चार ते सहा तास बसून राहा. हिरवट काही आणि वास असेल तर पोटात लागलाय, दहा-बारा तास. घाईने मागे गेलात तर ते उठून पळतं, आणि मग माझ्यासारखं होतं.

---

दादर_तिरंदाज | २१ सप्टेंबर, पहाटे ५:४० भारतीय वेळेनुसार

मंडळी, डेन्व्हरहून लिहितोय. हात अजून दुखतायत.

पहिल्या आठ दिवसांत दोनदा धनुष्य ताणलं आणि दोनदा उतरवलं. एकदा नर समोरून तोंड करून उभा राहिला, एकदा मधे ॲस्पेनची फांदी होती. नवव्या दिवशी सकाळी, साडेनऊ हजार फुटांवर, मादी पाण्याकडे उतरत होती. २४ यार्ड, किंचित पाठमोरी, जवळचा पुढचा पाय पुढे. बाण कुठे लागला ते दिसलं नाही, आवाज मात्र ओल्या चिखलात दगड पडावा तसा आला. ती वळली, उतारावरून पळाली आणि थांबली. मी घड्याळ बघितलं.

बाण पलीकडे जमिनीत रुतून उभा होता. पिसांवर गुलाबी फेस. तरीही पाऊण तास बसलो, हात थरथरत होते. मग रक्ताच्या मागे गेलो, आणि मागाची गरजच नव्हती, ऐंशी पावलांवर ती पडलेली दिसली. मी तिच्या मानेवर हात ठेवून किती वेळ बसलो ते आठवत नाही. मामेभाऊ वर उभा होता, काही बोलला नाही.

आरेच्या ताई, चारही फऱ्या, पाठीचं मांस, मानेचं मांस, सगळं पाठीवरून खाली आणलं. दोघांनी तीन खेपा केल्या, शेवटची अंधारात. काल रात्री मामीने आगरी मसाला टाकून शिजवलं.

ट्यूनिंगवाले दादा, पातं धुऊन पाहिलं. जाताना एक बरगडी कापलीय. टोक सरळ आहे, फिरवलं तर थरथरत नाही. मुख्य पात्याच्या धारेवर टोकापासून अर्ध्या इंचावर एक खाच आहे, डोळ्यांना दिसत नाही पण नखाला लागते. रबरबँड त्या जागेवर अडतो, बाकी सगळीकडे अजून टेकवताच तुटतो. तेल लावून डब्यात ठेवलंय. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ठाण्याला घेऊन येतो, खाच दगडावर निघते का ते बघू.